नितळ पाण्यातलं विष

“हा केशर नाही,” चेलना म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ जिनेश दूध पीत होता, त्याने पेला खाली ठेवला. शेजारची हेमांगी कॅरम बोर्ड काखेत धरून आत येत होती, तीही दारातच थबकली. हॉलच्या कोपऱ्यात, कूलरच्या पलीकडे, नवी काचेची टाकी होती. तिच्यात पाच गोल्डफिश फिरत होते. पाणी इतकं नितळ होतं की मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा त्यातून वाचता येत होत्या.

“केशर नाही म्हणजे? तो काय समोर,” जिनेश म्हणाला. “केशरी, जाडा, शेपटीला पांढरं टोक.”

“केशरच्या गालावर तिळाएवढा काळा ठिपका होता. ह्याच्या नाही.”

“पुसला गेला असेल.”

“पेनाने काढला होता का, पुसला जायला?”

हेमांगीने कॅरम भिंतीला टेकवला. ती आठवीतून नववीत गेली होती, चेलनापेक्षा एका वर्षाने मोठी. भांडण लांबण्याआधी पुरावा बघायचा, ही तिची सवय. “मासे आणले त्या दिवशी तू फोटो काढले होतेस ना? बघू.”

आई-बाबा मामाच्या लग्नाच्या तयारीसाठी धुळ्याला गेले होते. जाताना आईने जुना मोबाईल मुलांकडे ठेवला होता. चेलनाने फोटो उघडला. केशरच्या गालावर ठिपका स्पष्ट होता.

मग तिघांनी एकेक मासा फोटोशी ताडून बघितला. रुपचंदकाकांचं दाणाबाजारात किराण्याचं दुकान, म्हणून माशांची नावंही दुकानातलीच ठेवलेली: केशर, बदाम, काजू, इलायची, खसखस. काजूच्या पाठीवरचा पट्टा गायब होता. इलायचीची शेपटी भलतीच लांब झाली होती. खसखसचे डोळे मोठे झाले होते. फोटोतल्यासारखा तंतोतंत जुळला तो फक्त पांढरा बदाम.

“पाचातले चार कुणीतरी बदललेत,” हेमांगी हळू आवाजात म्हणाली.

“मासे कोण चोरेल?” जिनेशने विचारलं. “आणि चोरले तर तसलेच दुसरे आणून कशाला ठेवील?”

एवढ्यात आतल्या खोलीतून वॉकरची ठकठक ऐकू आली. दादाजी येत होते. चेलनाने झटकन मोबाईल बंद केला.

दादाजी म्हणजे भिकमचंदजी. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते खोलीबाहेर यायलाच तयार नसत. डॉक्टर चालायला सांगत, ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मग रुपचंदकाकांनी ही टाकी आणली. दादाजी आधी चिडले होते. “मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून मी खाली बघून चालतो, आणि माझ्याच घरात जीव कैदेत?” चेलना रडवेली झाली, तेव्हा कुठे ते नरमले. पण अट घातली. “ह्या घरात एकही जीव जाता कामा नये. एक मासा जरी गेला, तरी टाकी परत.”

त्यानंतर मात्र रोज सकाळी ते स्वतःच्या पायांनी हॉलपर्यंत यायला लागले. टाकीसमोरच्या खुर्चीत बसत आणि तासन् तास बघत राहत.

आत्ताही ते बसले आणि म्हणाले, “आज हे असे वर का येतायत? भूक लागली वाटतं.”

मासे खरंच वर आले होते. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून ते उघडमीट, उघडमीट करत होते. बदाम तेवढा तळाशी होता. त्याचे कल्ले लालभडक दिसत होते.

हे भुकेचं लक्षण नव्हतं, एवढं चेलनाला कळत होतं.

*

मे महिना होता. जळगावात मे महिन्यात घरात कुणी झोपत नाही. त्या रात्री हेमांगीही चेलनाच्या गच्चीवर झोपायला आली. फटफटायला लागलं तशी जिनेशने दोघींना हलवलं.

“काका खाली गेले,” तो कुजबुजला. “अनवाणी.”

तिघं जिन्यावर येऊन बसले. कठड्याच्या फटीतून हॉल दिसत होता. रुपचंदकाकांच्या हातात छोटी जाळी होती. त्यांनी ती टाकीत घातली, काहीतरी उचललं आणि रुमालात घेतलं. मग ते मागच्या अंगणात गेले. कढीपत्त्याच्या झाडाखाली खुरप्याने माती उकरली. रुमालातलं खाली ठेवलं. हात जोडले, ओठ हलत होते. ते नवकार मंत्र म्हणत होते.

“मेला,” जिनेश म्हणाला. “दीदी, मासे मरतायत.”

काका माती सारखी करून वळले, तर समोर तिघं उभे. त्यांच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

“बेटा, ओरडू नका,” ते घाईघाईने म्हणाले. “बाबूजी जागे होतील.”

“केशर गेला?” चेलनाने विचारलं.

काकांनी मान खाली घातली. “पहिला केशर तर केव्हाच गेला. हा दुसरा. माशांच्या दुकानवाल्या जितेंद्रकडून तसलाच आणून ठेवतो मी, बाबूजी उठायच्या आत.”

“आणि काजू? इलायची?”

“सगळे. बदाम तेवढा टिकलाय.” काका ओट्यावर बसले. “मी काय करू, सांगा. टाकी परत गेली तर बाबूजी पुन्हा खोलीत पडून राहतील. जितेंद्र म्हणतो, उन्हाळ्यात माल नाजूक येतो. त्याने सांगितलं तसं सगळं करतो मी. दोन दिवसांआड फिल्टर काढून नळाखाली खळखळून धुतो. कापूस नवा घालतो. औषध घालतो. पाणी बघा किती स्वच्छ आहे.”

“मग मरतात का?” हेमांगीने विचारलं.

काकांनी खुरपं उचललं. “उद्या धुळ्याहून बाबूजींच्या मावसभावाकडची मंडळी येतायत, खास टाकी बघायला. म्हणून आज दुपारी जितेंद्रला बोलावलंय. सगळं पाणी काढून टाकी घासून देईल आणि दहा-बारा नवे मासे सोडेल. बेटा, बाबूजींना ह्यातलं काही सांगू नका.”

काका तिसरा केशर आणायला निघाले. तिघं अंगणातच उभे राहिले.

“माझी एक चुलत बहीण आहे असोद्याला,” हेमांगी म्हणाली. “दिपमालाताई. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि घरी कित्येक वर्षं मासे पाळते. तिला विचारू.”

दिपमालाने फोनवर सगळं ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडले का? आणि फिल्टर नळाखाली धुता का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ आली.

“टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून घेऊन या, लगेच,” ती म्हणाली. “मी आले असते, पण आईला ताप आहे आणि गाडी दादा धरणगावला घेऊन गेलाय. आणि तोवर माशांना खायला एक दाणाही घालू नका.”

ठरलं. चेलना आणि हेमांगी सायकलींनी असोद्याला जाणार, जिनेश घरी राहून पहारा देणार.

“जितेंद्रभाऊ आले तर मी त्यांना कसं थांबवू?” जिनेशने विचारलं. तो पाचवीत होता, आणि जितेंद्रभाऊ चांगले धिप्पाड होते.

“काहीही कर,” चेलना म्हणाली. “पण टाकीला हात लावू देऊ नकोस.”

*

असोद्याला पोचेपर्यंत ऊन चटके देऊ लागलं होतं. दिपमालाच्या ओसरीत एक मोठी टाकी होती. तिच्यातलं पाणी किंचित पिवळसर दिसत होतं, दगडांवर शेवाळ होतं, आणि मासे मात्र तकतकीत होते.

“आमचं पाणी ह्याच्यापेक्षा स्वच्छ आहे,” चेलना न राहवून म्हणाली.

“बघू या,” दिपमाला म्हणाली. तिने काचेच्या दोन छोट्या नळ्या घेतल्या. एकीत स्वतःच्या टाकीतलं पाणी, दुसरीत चेलनाच्या बाटलीतलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले आणि हलवून ठेवल्या.

थोड्या वेळाने दिपमालाच्या नळीतलं पाणी पिवळं झालं. चेलनाच्या नळीतलं पाणी आधी पोपटी झालं, मग हिरवं, मग पालकाच्या रसासारखं गडद.

दिपमालाच्या कपाळावर आठ्या पडल्या. “हा अमोनिया आहे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून तयार होतो. दिसत नाही, एवढ्याशाने वासही येत नाही. पण माशांचे कल्ले जाळतो. श्वास कोंडतो म्हणून ते वर येऊन तोंड उघडतात.”

“मग तुमच्या टाकीत का नाही?”

“होतो ना, रोज होतो. पण त्याला खाणारे जिवाणू आहेत माझ्याकडे. फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूत, दगडांवर राहतात. नव्या टाकीत ते नसतात. हळूहळू वाढतात, महिना-दीड महिना लागतो. आणि तुमचे काका काय करतात? जरा कुठे जिवाणू धरायला लागले की फिल्टर नळाखाली धुतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन. सगळे जिवाणू खलास.”

“आणि मासा मेला की नवा आणतात,” हेमांगी म्हणाली. “म्हणजे अमोनिया तसाच चालू.”

“त्यात हा उन्हाळा. पाणी जितकं गरम आणि जितकं जड, तितका अमोनिया जास्त विखारी.” दिपमालाने नळी उजेडात धरली. “आज जर सगळं धुऊन दहा-बारा मासे सोडले, तर उद्या सकाळपर्यंत किती उरतील सांगता येत नाही.”

तेवढ्यात चेलनाच्या हातातला मोबाईल वाजला. घरचा फोन होता.

“दीदी, ते दुपारी येणार होते ना?” जिनेश दबक्या आवाजात म्हणाला. “जितेंद्रभाऊ आत्ताच आलेत. बाहेर गाडी लावतायत. मोठी नळी आहे, बादल्या आहेत. लवकर ये.”

फोन बंद झाला. चेलनाने काकांना लावला. “काका, टाकी धुऊ देऊ नका, पाण्यात अमोनिया...”

“बेटा, दुकानात गर्दी आहे,” काका म्हणाले. “जितेंद्र करतोय ना? तुम्ही मध्ये पडू नका.”

दिपमालाने वेळ घालवला नाही. तिच्या टाकीत दोन स्पंज होते. त्यातला एक तिने उचलून स्टीलच्या डब्यात ठेवला, वर त्याच टाकीतलं पाणी ओतलं आणि डबा ओल्या फडक्यात गुंडाळला. “ह्यात जिवाणूंची अख्खी वसाहत आहे. स्पंज वाळता कामा नये. झाकण घट्ट लावू नका, त्यांनाही हवा लागते. आणि काहीही झालं तरी नळाचं पाणी लावायचं नाही.” मग तिने तपासणीचा संच आणि एक छोटी बाटली हेमांगीच्या पिशवीत टाकली. “हे क्लोरीन मारायचे थेंब. टाकीतलं अर्धंच पाणी बदला, सगळं नाही. नव्या पाण्यात आधी हे थेंब. नवा मासा एकही नको.”

*

गावाबाहेर पडताच हेमांगीची सायकल डुगडुगायला लागली. चाकात बाभळीचा काटा रुतला होता.

“माझ्या मागे बस,” चेलना म्हणाली.

“डबा धरून? ह्या खड्ड्यांत सगळं पाणी जाईल.”

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोघी सायकली ढकलत निघाल्या. डब्याचं फडकं वाळत आलं होतं. पुढे एका लिंबाखाली पाणपोई होती, दोन रांजण आणि वर नळ. चेलनाने डबा काढला आणि नळाकडे हात नेला. हेमांगीने तिचं मनगट धरलं.

“नळ.”

चेलनाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ती मटकन खाली बसली. “हेमा, तिकडे त्यांनी टाकी रिकामीसुद्धा केली असेल.”

“फोन आलेला नाही. म्हणजे जिनेश काहीतरी करतोय.”

मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत केळीचे घड रचले होते. चालवणारा समाधान, हेमांगीच्या शेताशेजारचा. त्याने ट्रॅक्टर थांबवला. “कोठे जाई राहिनात वं पोरीहोन, ह्या उन्हात?”

हेमांगीने सांगितलं. समाधानला जिवाणूंचं फारसं कळलं नाही, पण मासे मरतायत एवढं कळलं. “चढा वरती. बठ्ठा माल केळीना शे, पानं घ्या अंगाखाले. सायकली मी टाकस मागे.”

ट्रॉली उसळत निघाली. चेलनाने डबा मांडीवर घट्ट धरला होता, तरी प्रत्येक खड्ड्याला पाणी हिंदकळून तिच्या फ्रॉकवर सांडत होतं. रेल्वे फाटकाशी ट्रॅक्टर थांबला तेव्हा तिने आत डोकावलं. स्पंजचा वरचा भाग उघडा पडला होता.

“पाणी संपत आलंय,” ती म्हणाली. मालगाडी संपता संपत नव्हती.

हेमांगीने इकडेतिकडे बघितलं. मग तिची नजर समाधानच्या पायाशी बांधलेल्या कॅनवर गेली. “समाधानभाऊ, त्या कॅनमध्ये कुठलं पाणी आहे?”

“आपली विहीरनं. का वं?”

“विहिरीच्या पाण्यात कुणी औषध टाकलंय का?”

“विहीरमा कोन औषध टाकई?”

हेमांगीने कॅन सोडला. थोडंसं पाणी हातावर घेतलं, वास घेतला. मग डब्यात अगदी हळू, कडेकडेने ओतलं, स्पंज बुडेपर्यंत. फाटक उघडलं.

*

इकडे घरी काय झालं होतं?

जितेंद्रभाऊ नळी खांद्यावर टाकून आत आले तेव्हा हॉलमध्ये एक वेगळंच दृश्य होतं. टाकीच्या पुढ्यात, अगदी काचेला पाठ लावून, जिनेश बसला होता. पांढरं वस्त्र गुंडाळलेलं, तोंडावर मुँहपत्तीची पट्टी, खाली लोकरीचं आसन, शेजारी वाळूचं घड्याळ. डोळे मिटलेले. तो सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नित्य ध्यानाला, बसला होता.

जैन घरात सामायिकाला बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. वाळू संपेपर्यंत, म्हणजे पाऊण तासाहून जरा जास्तच, तो बसल्या जागेवरून हलत नाही, घरच्या व्यवहारातलं बोलत नाही.

“जरा सरक रे बाळा,” जितेंद्रभाऊ म्हणाले.

“थांबा,” खुर्चीतून दादाजी म्हणाले. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. ह्या मुलाला ते वर्षभर सामायिकाला बसवायचा प्रयत्न करत होते. “बसलाय तो. आपण मध्ये यायचं नाही. पाणी घ्या तुम्ही.”

जितेंद्रभाऊ बसले. त्यांनी घाम पुसला, घड्याळ बघितलं, पुन्हा घाम पुसला. वाळू सरत होती. जिनेशच्या पाठीमागे, काचेपलीकडे, बदाम एका कुशीवर कलला होता. जिनेशला तो दिसत नव्हता. त्याच्या कानात फक्त हवेच्या पंपाची गुरगुर होती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलीची घंटी. त्यातली एकही चेलनाची नव्हती.

वाळूचा शेवटचा कण पडला. जितेंद्रभाऊ उठले.

जिनेशने डोळे न उघडता हात लांब केला आणि घड्याळ उलटं केलं.

“दुसरी सामायिक?” दादाजींचे डोळे भरून आले.

एवढ्यात रुपचंदकाका दुकानातून आले. काम सुरूच झालं नाही हे बघून ते वैतागले, पण जिनेशला उठवायची त्यांचीही छाती झाली नाही. “टाकी धुवायचं राहू दे,” ते जितेंद्रला हळूच म्हणाले. “नवे मासे तरी सोड. वरून सोडता येतील. पिशवीत गुदमरतायत बिचारे.”

जितेंद्रभाऊंनी फुगलेली पिशवी उचलली. जिनेशच्या डोक्यावरून हात नेऊन तिचा रबर सोडायला घेतला. जिनेशने डोळे उघडले. काय करावं त्याला कळेना.

“थांबा,” दारातून आवाज आला.

चेलना आणि हेमांगी उभ्या होत्या. केस धुळीने पांढरे झालेले, कपड्यांवर केळीच्या चिकाचे डाग, आणि चेलनाच्या हातात फडक्यात बांधलेला डबा.

“मासे सोडू नका,” चेलना धापा टाकत म्हणाली. “पाण्यात विष आहे.”

“विष?” दादाजी खुर्चीत ताठ झाले.

काकांनी चेलनाकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. चेलनाने ते बघितलं. टाकी जाईल, दादाजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतील, हे तिलाही दिसत होतं. तिने डबा खाली ठेवला आणि दादाजींच्या खुर्चीपाशी बसली.

“दादाजी, मासे पहिल्यापासून मरतायत. बदाम सोडून सगळे गेले. तुम्हाला कळू नये म्हणून नवे आणून ठेवत होतो आम्ही.”

ती ‘काका’ म्हणाली नाही, ‘आम्ही’ म्हणाली.

“किती?” दादाजींनी विचारलं.

काका पुढे आले. “मोजले नाहीत, बाबूजी. पुष्कळ.”

दादाजींनी चष्मा काढला. बराच वेळ ते त्याच्या काचाच पुसत राहिले.

“काहीतरीच काय,” जितेंद्रभाऊ म्हणाले. “काचेसारखं पाणी आहे. मी दुकान आज नाही उघडलेलं, पोरींनो.”

हेमांगीने टेबलावर तीन नळ्या ओळीने ठेवल्या. पहिलीत टाकीतलं पाणी घेतलं, दुसरीत डब्यातलं, आणि तिसरी जितेंद्रभाऊंसमोर धरली. “ह्यात तुमच्या पिशवीतलं द्या.”

तिने थेंब टाकले. सगळे वाकून बघायला लागले. डब्यातलं पाणी पिवळं झालं. टाकीतलं गडद हिरवं. आणि पिशवीतलंही हिरवं, थोडं फिकं, पण हिरवंच. दिपमालाने सांगितलेलं सगळं हेमांगीने एका दमात सांगितलं. जितेंद्रभाऊ त्या तिसऱ्या नळीकडेच बघत होते.

“माझेही मरतात,” अखेर ते म्हणाले. “दुकानात रोज सकाळी काढतो. मला वाटायचं, धंद्यात असं चालायचंच.”

“दीदी, बदाम,” जिनेश ओरडला. त्याची मुँहपत्ती गळ्यात आली होती.

बदाम तळाशी आडवा पडला होता. कल्ले मधूनच हलत होते.

जितेंद्रभाऊंनी नळी लावली आणि अर्धं पाणी उतरलं तशी बंद केली. काकांनी बादल्या भरून आणल्या, हेमांगीने त्यात थेंब मोजून टाकले, आणि दादाजींनी स्वतः बोटं बुडवून बघितलं, पाणी टाकीतल्याइतपतच कोमट आहे ना ते. जिनेशने तांब्या-तांब्याने पाणी सोडलं. शेवटी चेलनाने फडकं उघडलं. मळकट, बुळबुळीत, तपकिरी स्पंज तिने दोन्ही हातांनी उचलला आणि हवेच्या नळीला जोडून टाकीत बसवला. बुडबुडे त्याच्यातून वर येऊ लागले. पिशवीतल्या माशांना मात्र कुणी टाकीजवळही नेलं नाही. जितेंद्रभाऊ त्यांना परत घेऊन गेले.

मग वाट बघणं आलं. ऊन उतरलं, कूलरमध्ये पाणी भरून झालं, कुणी जेवायला उठलं नाही. दिवेलागणीला बदामने शेपटी हलवली. पुन्हा हलवली. मग तो हळूहळू सरळ झाला आणि तळापासून दोन बोटं वर येऊन तिथेच तरंगत राहिला.

जिनेशने तोंडावर हात दाबून धरला होता. तो आता काढला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या इलायचीचा जीव गेला. तिचे कल्ले आधीच फार जळले होते. काका जाळी घेऊन उभे राहिले. मग ते दादाजींच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “बाबूजी, एक गेली.”

दादाजी वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालत आले. एवढं ते ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चालले होते. कढीपत्त्याखाली सगळ्यांनी मिळून नवकार म्हटला.

“आता टाकी परत करायची ना?” चेलनाने विचारलं. तिने मनाची तयारी केली होती.

“अट तर तशीच होती,” दादाजी म्हणाले. “पण परत कुठे करणार? जितेंद्रच्या दुकानात, त्याच हिरव्या पाण्यात? आता ह्या जिवांना आपणच सांभाळायचं. नवा एकही आणायचा नाही.” मग ते काकांकडे वळले. “मासे गेले ते अज्ञानाने, रुपचंद. लपवलं ते मात्र जाणून. माझ्यासाठी केलंस, कळतं मला. पण पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, तर दुसरा वाचला असता.”

त्या दिवसापासून रोज पाण्याच्या बादल्या काकाच भरू लागले.

दुपारी धुळ्याची मंडळी आली. टाकीत मासे चारच, पाणी थोडं गढूळ आणि मध्येच एक मळकट स्पंज. “एवढंच?” त्यातल्या एकाने विचारलं. त्यावर दादाजींनी पाहुण्यांना समोर बसवून अमोनियाची सगळी हकीकत ऐकवली, आणि हेमांगीला पुढे बोलावून म्हणाले, “ही पोर. नळाला हात लावू दिला नाही हिने. मी आयुष्यभर पाणी गाळून प्यायलो, पण पाणी बघायला हिने शिकवलं.” हेमांगी इतकी लाजली की पाहुण्यांना नमस्कार करायचंही विसरली.

जिनेशचा निकाल वेगळा लागला. “सामायिकात बसून टाकी राखत होतास. मन कुठे होतं?” दादाजींनी विचारलं.

“बदामपाशी,” जिनेश म्हणाला.

दादाजी हसले. “मग ती सामायिक धरायची की नाही, ते मलाही ठरवता येत नाही बुवा.”

तपासणीचं काम मात्र जिनेशकडेच आलं. गडद हिरव्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पोपटी. मध्येच एकदा पुन्हा गडद झाला, तेव्हा कुणी घाबरलं नाही. खाणं कमी केलं, थोडं पाणी बदललं. दिपमालाच्या सांगण्यावरून जुन्या स्पंजशेजारी एक नवा कोरा स्पंजही लावून ठेवला होता. तो हळूहळू मळत चालला होता. शाळा उघडायच्या सुमारास एका सकाळी नळीतलं पाणी लिंबासारखं पिवळं झालं. चारही मासे तळाशी खडे चाळत होते. वर तोंड काढायला एकही आला नाही.

दादाजींनी ती नळी खिडकीतल्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली.

“चेलना,” ते म्हणाले, “तो दुसरा स्पंज झाला का तयार?”

“हो. दिपमालाताई म्हणाली, आता चालेल.”

“मग डब्यात घाला आणि जितेंद्रकडे देऊन या.”

“त्यांना?” जिनेशला पटलं नाही. “त्यांच्यामुळेच तर सगळं झालं.”

“त्याच्या दुकानातल्या माशांचा त्यात काय दोष?” दादाजी म्हणाले. “जा. ऊन चढायच्या आत पोचा.”

तिघं निघाले. जितेंद्रभाऊ दुकानाच्या पायरीवर बसले होते. डब्यात काय आहे ते बघून ते उभेच राहिले. मग त्यांनी सगळ्यात मोठ्या टाकीचं झाकण उघडलं, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, “कुठे लावू सांगा.”

हेमांगी आत शिरून त्यांना जागा दाखवत होती तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. लहान मुलीला कडेवर घेतलेलं. त्याला टाकी हवी होती, आणि मासेही, आजच.

“टाकी आज न्या,” जितेंद्रभाऊ पाण्यात कोपरापर्यंत हात घालून म्हणाले. “मासे आज मिळणार नाहीत. का, ते ह्या पोरांना विचारा.”

चेलनाने त्या मुलीकडे बघितलं आणि खिशातून तपासणीची नळी काढली.